खांद्यावरचा हात

पत्रकावर बाना मुताले होती.

कमलिनीबाईंनी ते आधी मागच्या बाजूनं हातात घेतलं. त्यामुळे पहिल्यांदा दिसला तो नुसता पत्ता, दोन फोननंबर आणि चेन्नईहून उत्तुकोट्टईच्या पुढे डोंगरात शिरणाऱ्या रस्त्याची वळणावळणाची रेघ. मग दारात उभ्या असलेल्या लावण्यानंच ते उलटून दाखवलं. गुळगुळीत जाड कागद. गवताचं छप्पर, त्याखाली काळ्या लाकडाच्या खुर्च्या, मागे झाडी, आणि या सगळ्याच्या वर अर्धं पान व्यापून ती हसत होती. डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, पुढच्या दोन दातांमधली फट, डाव्या भुवईवरचा जुना व्रण. एकतीस वर्षं कमलिनीबाईंनी हा चेहरा पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या फोटोत बघितला होता, तोही कधीतरी कपाट आवरताना. आता तो इतक्या जवळून त्यांच्याकडे बघत होता की त्यांनी नकळत पदर सारखा केला.

"कव्हरच केलं, मामी," लावण्या म्हणाली. "अमच्या अशोक सरांना इतकं आवडलं की विचारूं नका. कसं अहे, सांगा की."

"छान आहे," कमलिनीबाई म्हणाल्या.

"शनिवारी ओपनिंगचं जेवण अहे. दुपारचं. मी कार घेऊन येतें, नऊला तयार राहा. नाही म्हणायचं नाही, सेरीया?"

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा. खाली तिची स्कूटर सुरू झाली, आणि तो आवाज वेस्ट मांबलमच्या सकाळच्या बाकीच्या आवाजांत, स्टेशनाकडे धावणाऱ्या पायांच्या, भाजीवाल्याच्या, कुणाच्या तरी रेडिओच्या आवाजात मिसळून गेला. कमलिनीबाई दार लावून आत आल्या, पंख्याखाली बसल्या आणि त्यांनी पत्रक पुन्हा समोर धरलं. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की आपण यात नाही.

फोटोत दोघी होत्या. झाम्बियातल्या काब्वेच्या शाळेमागच्या शिक्षकांच्या वसाहतीत, दोन घरांच्या मधल्या कुंपणापाशी. बाना मुताले पिवळ्या मोठ्या फुलांचं चितेंगे कमरेला गुंडाळून. चितेंगे म्हणजे तिथल्या बायका लुंगीसारखं गुंडाळतात ते कापड. आणि तिच्या उजव्या बाजूला, तिच्या खांद्यावर हात टाकून कमलिनीबाई, हिरव्या साडीत. फोटो त्यांच्या यजमानांनी, दिनकररावांनी काढला होता. त्यांना फोटो काढताना फार वेळ लागायचा, लेन्स पुसणं, सूर्य कुठे आहे ते बघणं, आणि त्या वेळात दोघींना हसू आवरलं नव्हतं. पत्रकावर बाना मुतालेचा उजवा कान संपला की कागदही संपत होता. कमलिनीबाईंनी कडेवरून बोट फिरवलं. कडा अगदी सरळ होती.

रागवायचं तरी कुणावर? फोटो त्यांनीच दिला होता. लावण्या वरच्या मजल्यावरची. तिचं घराणं तंजावरचं, तिकडे तीनशे वर्षं मुरलेल्या मराठी लोकांपैकी. तिची मराठी कमलिनीबाईंना आधी कानडी वाटली होती, मग आजोबांच्या जुन्या पत्रांतली वाटली आणि मग कानाला सवय झाली. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला होती, आणि जंगलातलं हे लॉज आणि त्याचं रेस्टॉरंट हे तिच्या एकटीच्या हाती आलेलं पहिलं काम होतं. सगळं आफ्रिकेसारखं करायचं असं मालकांचं म्हणणं. मालक, म्हणजे अशोक सर, एकदा आठ दिवस केनियाला जाऊन आले होते. लावण्या कुठेच गेली नव्हती. तिनं लॉजला दिलेलं स्वाहिली नाव इंटरनेटवर शोधून काढलेलं होतं, आणि मालकांनी ते तीन ज्योतिष्यांना दाखवून पास करून घेतलं होतं. खालच्या मामी सहा वर्षं आफ्रिकेत होत्या हे तिला तिच्या आईकडून कळलं, तेव्हा ती एका रविवारी दुपारी वही घेऊन खाली आली. झाम्बिया म्हणजे केनिया नव्हे, तिथं आम्ही सिंह एकदाही बघितला नाही, हे कमलिनीबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं होतं. तरी ती उठली नाही. हॉलच्या फरशीवर मांडी घालून तिनं अख्खा अल्बम बघितला, दोनदा कॉफी घेतली, छप्पर कशाचं असायचं, भिंती कुठल्या रंगाच्या, असं विचारत राहिली. अडीच तास. दिनकरराव गेल्यापासून या घरात इतका वेळ कुणी बसलं नव्हतं. म्हणून, निघताना तिनं त्या एका फोटोवर बोट ठेवून "हा घेऊन जाऊं का, मामी? स्कॅन करून परत देतें," असं विचारलं, तेव्हा कमलिनीबाईंनी तो चारी कोपऱ्यांतून सोडवून दिला होता. देताना त्यांच्या मनात आलं होतं, की कुठंतरी भिंतीवर आपण दोघी लागू. लोक जेवताना बघतील. ही कोण आणि ती कोण, असं एखादा तरी विचारील.

शनिवारला चार दिवस होते. कमलिनीबाईंचे दिवस तसे मोजून कापल्यासारखे असायचे. सकाळी स्टेशनापर्यंत जाऊन भाजी, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी अयोध्या मंडपात जाऊन कुठल्याही प्रवचनाला मागच्या रांगेत बसणं. त्यातलं निम्मं तमिळ कळायचं, निम्मं नुसतं कानावरून जायचं. रविवारी सकाळी आठला टेक्ससहून देवेशचा फोन. बीपी घेतलंस का, कामवाली येते का, पैसे पोचले का. तीन प्रश्न, तीन उत्तरं. मग दोन्हीकडे एक शांतता, आणि मग "बरं आई, ठेवतो." या चार दिवसांत मात्र काहीतरी बिनसलं होतं. भाजीवाल्याकडे त्या भोपळ्याच्या पानांसमोर उभ्या राहिल्या आणि त्याला "हे कितीला" हे तमिळमध्ये विचारायचं त्यांना सुचेना. काब्वेला मागच्या अंगणात बाना मुतालेनं भोपळ्याचा वेल सोडला होता. तिची पानं निवडायची पद्धत, देठाच्या शिरा ओढून काढत जाणं, अगदी कऱ्हाडला आई करायची तशी. पण एक दिवस तिनं उखळात शेंगदाणे कुटले आणि ते कूट त्या भाजीत ढकललं, तेव्हा कमलिनीबाई कुंपणापलीकडून ओरडल्याच होत्या, मराठीत, "अगं, आम्ही पण असंच करतो!" आणि बाना मुतालेनं मान वर करून तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं होतं. दोघींना काही कळलं नव्हतं. अर्ध्या तासानं दोघींच्या हातात एकमेकींची वाटी होती. त्या वेळी काब्वेला येऊन त्यांना पाच महिने झाले होते आणि दिनकरराव सोडून त्या कुणाशी एक पूर्ण वाक्य बोलल्या नव्हत्या. गावात गुजराती दुकानदारांच्या बायका होत्या, पण त्या आपापल्यात असायच्या, आणि शाळामास्तरच्या बायकोला त्या वरच्या पायरीवर उभं राहून भेटायच्या.

बाना मुताले म्हणजे मुतालेची आई. तिकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. तिचा नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा. दोघींची एक भाषा हळूहळू तयार झाली, तिच्यात थोडं इंग्रजी होतं, थोडं तिची बोली बेंबा, आणि "अगं", "बाई", "नको", "थांब" हे मराठी. तिचं "थांब" फार छान होतं, ठ आणि थ यांच्या मधलं कुठंतरी. कमलिनीबाईंना दिवस राहिले तेव्हा दिनकररावांच्याही आधी ते तिला कळलं. कूट बघून मळमळलं, एवढ्यावरून. सातव्या महिन्यात कमलिनीबाईंनी तिला डोहाळजेवण समजावून सांगितलं. ओटी भरायला घरात दुसरी बाईच नव्हती. तांदूळ होते, नारळ नव्हता. बाना मुतालेनं ओटीत एक संत्रं ठेवलं, आणि गुजराती दुकानातून आणलेल्या हिरव्या बांगड्या हाताला साबण लावून एकेक चढवल्या. त्या दिवशीचा तो फोटो. त्यात कमलिनीबाईंचा एक हात तिच्या खांद्यावर होता आणि दुसरा पोटावर. त्या पोटाचा तेवढा एकच फोटो निघाला.

मुलगी झाली सप्टेंबरात, अकरा दिवस जगली. अकराव्या दिवशी सकाळी तिनं दूध घेतलं नाही, आणि दुपारी गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं आपली टोपी काढून हातात घेतली. दिनकरराव आणि शाळेचा शिपाई जाऊन तिला पुरून आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाकरांडा फुलला होता, सगळा रस्ता जांभळा झाला होता, असं दिनकरराव घरी येऊन म्हणाले, एवढंच म्हणाले. मग न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले. कमलिनीबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. संध्याकाळी बायका आल्या. बाना मुताले पुढे, आणि तिच्याबरोबर वसाहतीतल्या आठ-दहा जणी, काही तर कमलिनीबाईंनी कधी बघितल्याही नव्हत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पुढच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला सरकवल्या, चटया अंथरल्या आणि जमिनीवर बसल्या. एकीनं हळू आवाजात काहीतरी म्हणायला सुरुवात केली, बाकीच्या त्यात मिसळल्या. ज्या घरात मरण होतं त्या घरात तिकडे बायका येऊन राहतात, त्या बाईला एकटं झोपू देत नाहीत, हे कमलिनीबाईंना ठाऊक होतं; बाना मुतालेनंच कधीतरी सांगितलं होतं. त्या आवाजानं त्यांच्या छातीत काहीतरी सुटायला लागलं होतं. तेवढ्यात बाहेर दिनकररावांचा आवाज आला. ते अगदी सभ्यपणे बोलत होते, वर्गात बोलायचे तसं स्वच्छ इंग्रजी. तुम्ही आलात, आम्ही आभारी आहोत. पण आमच्यात असं नसतं. माझ्या पत्नीला विश्रांतीची गरज आहे. कृपा करून. मग बाना मुतालेनं दाराशी येऊन विचारलं, "अगं?" एवढंच. दार लोटलेलं होतं. कमलिनीबाई जाग्या होत्या, त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, आणि त्या बोलल्या नाहीत. एक शब्द पुरला असता. "थांब" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. चटया गुंडाळल्याचा आवाज आला, मग चपलांचा.

त्यानंतर तीन वर्षं त्या शेजारीशेजारीच राहिल्या. भांडण झालं नाही, बोलणं बंद झालं नाही, वाटीही कुंपणावरून जात-येत राहिली. पण बाना मुताले आत आली नाही; कुंपणापर्यंत यायची. मग दिनकररावांचं कंत्राट संपलं, त्यांना चेन्नईजवळच्या आवडी इथल्या केंद्रीय शाळेत नोकरी मिळाली, देवेश झाला, क्वार्टर मिळालं, ते सुटलं, निवृत्तीनंतर हा फ्लॅट घेतला. त्या मुलीबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. देवेशला सांगायचं कारणच आलं नाही. तीन वर्षांपूर्वी दिनकरराव गेले तेव्हा याच हॉलमध्ये असोसिएशननं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं चांगली होती. आली, दहा-दहा मिनिटं बसली, काही लागलं तर सांगा म्हणाली, गेली. देवेश तेराव्यानंतर गेला. त्याला विमानतळावर पोचवून आल्यावर कमलिनीबाईंनी खुर्च्या एकात एक घालून दाराशी रचल्या, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा तो चटया गुंडाळल्याचा आवाज इतका स्पष्ट आठवला होता की त्या मागे वळून बघत राहिल्या.

शनिवारी त्या साडेआठलाच तयार होत्या. पिस्ता रंगाची सुती साडी, हातात पर्स. रेड हिल्सच्या पुढे रस्ता मोकळा झाला तशी लावण्या बोलायला लागली. बोलत होती लॉजबद्दलच. मुखवटे कारैकुडीच्या सुतारांनी कोरलेत. एकानं ओठ इतके पातळ कोरले होते की परत करायला लावलं. छपराला ताडाच्या झावळ्या, पण त्यावर वरून फवारा मारलाय, आग लागू नये म्हणून. झोपड्या बारा, प्रत्येकीत एसी, आणि एसी दिसू नये म्हणून त्याच्यावर वेताची ढाल. "अत्तां मला भीती वाटते, मामी," ती एकदम म्हणाली. "लोक हसतील कां? खोटं अहे म्हणतील?" तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. तिचं वय अठ्ठावीस असावं. कमलिनीबाई म्हणाल्या, "नाही गं. कोण हसेल?" आणि मनातलं विचारायचं राहून गेलं.

डोंगर सुरू झाले, डांबरी रस्ता संपला, लाल मातीची वाट झाडीत शिरली. चिंच, बांबू, मधेच एखादा पळस. फाटकापाशी गळ्यात मण्यांची रुंद पट्टी घातलेला एक मध्यमवयीन माणूस उभा होता. त्यानं छातीवर हात ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे "जांबो" म्हणाला. कमलिनीबाईंच्या तोंडून बेंबातला नमस्कार निघून गेला, "म्वापोलेनी मुकवाई." एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तो माणूस गोंधळला. मग मण्यांच्या पट्टीखाली मान खाजवत तमिळमध्ये म्हणाला, "पाणी तिकडे आहे, अम्मा."

लॉज सुंदर होतं. हे त्यांना कबूल करावं लागलं. रेस्टॉरंटला भिंती नव्हत्या. जाड खांब, वर उंच निमुळतं छप्पर, आणि तीन बाजूंनी जंगल इतकं जवळ की पानांचा वास ताटांपर्यंत यायचा. टेबलांच्या जागी मोठे ढोल होते, त्यावर काच. उशांवर झेब्र्याचे पट्टे. या सगळ्यातलं काही काब्वेला नव्हतं. काब्वेला सिमेंटची घरं होती, पत्र्याची छपरं, शिशाची खाण आणि शनिवारी फुटबॉल. तरी कुठून तरी लाकूड जळल्याचा वास आला आणि त्यांचे पाय क्षणभर थांबले. मग त्यांनी समोर बघितलं. रेस्टॉरंटला एकच भिंत होती, स्वयंपाकघराच्या बाजूची, आणि त्या भिंतीवर छतापासून जेवणाच्या टेबलापर्यंत बाना मुताले होती.

इथं ती कमरेपर्यंत होती. फोटो तपकिरी करून टाकला होता, चितेंग्यातली पिवळी फुलं विझून गेली होती. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आफ्रिकन माता. आणि तिच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात, मनगटापर्यंत. पुढे भिंत संपत होती. चार बोटं, अनामिकेत बारीक अंगठी, मनगटाशी बांगड्यांच्या कडा. या आकारात ती बोटं केळ्याएवढी दिसत होती. कमलिनीबाईंनी आपला हात साडीच्या घडीत लपवला.

पाहुणे पन्नासएक असतील. चेन्नईतले व्यापारी, त्यांच्या बायका टी. नगरच्या नव्या कोऱ्या साड्यांत, ट्रॅव्हल कंपन्यांची माणसं, दोन पत्रकार. सगळे बाना मुतालेसमोर उभं राहून फोटो काढून घेत होते. कमलिनीबाईंनी ताट घेतलं. ग्राउंडनट सूप अशी पाटी बघून त्यांनी वाटीभर घेतलं. ते मलईचं आणि गोडसर होतं, बहुतेक काजूचं. त्या ते हळूहळू पीत राहिल्या. अशोक सर आले तेव्हा त्यांच्यामागे लावण्या होती, तिचा चेहरा आनंदानं तापलेला. अशोक सर पन्नाशीचे, मऊ बोलणारे, त्यांनी वाकून नमस्कार केला. "लावण्यानं सांगितलं, तुम्ही आमच्या आफ्रिकन आंटी. कसं वाटलं? खरं सांगायचं."

"व्हेरी नाइस," कमलिनीबाई म्हणाल्या.

ते खूश झाले. मग भिंतीकडे बघत, डोळे बारीक करत, त्यांनी लावण्याला तमिळमध्ये विचारलं, "हे काय आहे? खांद्यावर? कुणाचा हात?"

लावण्यानं बघितलं. तिनं तो आत्ताच बघितला हे उघड दिसत होतं. "सॉरी सर. कापताना राहिला वाटतं. सोमवारी काढून घेते, प्रिंट बदलून देतील."

"सोमवारपर्यंत पेपरात फोटो येतील ना. दोन कुंड्या आणा इकडे. ती मोठी पामची."

कमलिनीबाईंनी वाटी खाली ठेवली. त्यांची तमिळ बाजारातली होती, भाजीची आणि रिक्षाची. त्या म्हणाल्या, "अदु एन् कै." तो माझा हात आहे.

अशोक सरांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ते मनापासून हसले. "अय्यो, खरंच? तुमचा? बघा लावण्या, आंटी आमच्या भिंतीवर आहेत!" त्यांनी पुन्हा हात जोडले आणि कुणीतरी हाक मारली तसे ते वळून गेले. दोन माणसं पामची कुंडी दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आली. ती जड होती. खाली ठेवताना एकाचा पाय चिमटला. त्यांनी ती थोडी डावीकडे सरकवली, मागे जाऊन बघितलं, पुन्हा थोडी सरकवली. झावळी हातावर बरोबर बसली. बाना मुताले हसत राहिली. कमलिनीबाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांना वाटत होतं, की आता बोलायला पाहिजे, हिचं नाव सांगायला पाहिजे, हात तसाच राहू द्या म्हणायला पाहिजे, निदान मोठ्यानं. तोंड उघडलं असतं तर शब्द आला असता. लावण्या जवळच उभी होती, ओठ चावत, त्यांच्याकडे बघत. त्या बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं कुणीतरी त्यांच्या हातात आइस्क्रीमची वाटी दिली.

परतीच्या वाटेवर रेड हिल्सच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लावण्यानं मागच्या सीटवरच्या बॅगेतून एक पाकीट काढून कमलिनीबाईंच्या मांडीवर ठेवलं. "तुमचा फोटो, मामी. मला कळलं नाही. मी नुसतं तिचा चेहरा बघितला." मग समोर बघत तिनं विचारलं, "ती कोण होती?"

"शेजारीण," कमलिनीबाई म्हणाल्या. सिग्नल सुटला.

रविवारी सकाळी त्यांनी फोटो अल्बमात लावला नाही. फोनशेजारी स्टुलावर ठेवला. आठला फोन वाजला.

"आई, बीपी घेतलंस?"

"घेतलं."

"कामवाली येतेय ना? आणि पैसे पोचले?"

"पोचले." मग दर आठवड्याची ती शांतता आली. पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तिथं शनिवारची रात्र होती, कुणीतरी हसत होतं. "बरं आई," देवेश म्हणाला, "मग—"

"देवेश," त्या म्हणाल्या, "तुझ्या आधी एक मुलगी झाली होती."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"काय?"

"काब्वेला. अकरा दिवस होती." त्यांना वाटलं होतं आपला आवाज फुटेल, तो नेहमीसारखाच निघत होता, पैसे पोचले म्हणताना होता तसाच. त्या सांगत गेल्या. डॉक्टरची टोपी, जाकरांडा, नळ. बायका आल्या, चटया अंथरल्या, बाबांनी त्यांना जायला सांगितलं. मी जागी होते. मी काही बोलले नाही. देवेशनं मधे एकदाच विचारलं, "बाबा कधीच काही म्हणाले नाहीत?" आणि त्या म्हणाल्या, "नाही. त्यांना जमलं नाही ते. मलाही नाही." फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी रडू आवरताना तो असाच नाकानं श्वास घ्यायचा, हे त्यांना आत्ता आठवलं.

"आई, तिचं नाव काय होतं?"

बारसं बाराव्या दिवशी असतं, ते झालंच नाही, तिला नाव नव्हतं. हे उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. दवाखान्यातल्या कारकुनाला दिनकररावांनी तेच सांगितलं होतं, आणि त्यानं रकान्यात एक रेघ ओढली होती. पण सातव्या दिवशी नाळ गळून पडली होती. दिनकरराव शाळेत होते. बाना मुताले आली होती, आणि तिनं विचारलं होतं, हिला हाक काय मारता तुम्ही? अजून पाच दिवसांनी ठरणार, असं ऐकल्यावर ती इतकी हसली होती. एवढं माणूस घरात आलंय, सात दिवस झालेत, आणि बिननावाचं झोपवता? तिनं बाळाला उचलून मागच्या दारातल्या उन्हात नेलं होतं आणि एक नाव घेऊन तिला हाक मारली होती. मग कमलिनीबाईंनाही घ्यायला लावलं होतं. उरलेले दिवस, दिनकरराव घरात नसताना, त्यांनी तिला त्याच नावानं हाक मारली होती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मोठ्यानं ते नाव त्यानंतर त्यांनी उच्चारलंच नव्हतं, आणि आता ते आपल्याला धड म्हणता येईल की नाही असं वाटून त्यांनी स्टुलावरचा फोटो हातात घेतला.

"चिलेशे," त्या म्हणाल्या.

"काय? पुन्हा सांग."

"चिलेशे."

"स्पेलिंग काय?"

"ते मला नाही रे माहीत. मी ते कधी लिहिलेलं बघितलं नाही."

"मग मराठीत सांग," देवेश म्हणाला. "थांब, पेन घेतो."

पलीकडे खुर्ची सरकली, एक खण उघडला, मिटला, दुसरा उघडला. कमलिनीबाई फोन कानाशी धरून बसून राहिल्या.

"हं, सांग."

"च," त्या म्हणाल्या. "च ला पहिली वेलांटी."